भावोजींच्या हेलिकॉप्टरचं पातं

ती. सौ. नोरीनताईस,

क्लाइव्हचा नमस्कार. तुझा गुडघा, भावोजींचा रक्तदाब आणि तिन्ही कुत्री ठीक असतील असं धरून चालतो (धाकट्याने पुन्हा विषारी बेडूक चाटला असेल, तर कळवू नकोस).

इथे केर्न्सला माझी नोकरी गेली. गेल्या महिन्यात आमचा वैमानिक रॉय हेलिकॉप्टरने गुरं हाकताना कोसळून गेला, ते तुला ठाऊकच आहे. त्याच्या पात्यावर चिकटवलेला पत्रा हवेतच सुटला होता. ते पातं दुरुस्त झालं आमच्याच शेडमध्ये, आणि त्याच आठवड्यात, भर पावसात दारं सताड उघडी ठेवून, भावोजींचंही. म्हणून मालक ट्रेवोरो मला म्हणाले, "तुझ्या मेहुण्याचं, बेव्हनचं पातं तपास आणि सही करून टाक."

तपासलं. (बायकांच्या पोटावर फिरवतात तसलंच यंत्र समज, फक्त इथे बाळ दिसलं तर पंचाईत.) आवाज पत्र्यातून, डिंकातून आरपार गेला. कुठे पोकळी नाही. पण ताई, दोघं लगटून बसलेत एवढंच आवाजाला कळतं. एकमेकांना धरून आहेत का, ते नाही कळत. (वेंडीमावशीच्या लग्नाचे फोटो आठव.) ओल्या पत्र्याला डिंक नुसता टेकतो. मी सही केली नाही.

मालक म्हणाले, "यंत्र हो म्हणतंय, मग तुझं काय दुखतंय?" भावोजी म्हणाले, "गुरं हाकायचा हंगाम तोंडावर आलाय आणि हा शहाणा पातं गोंजारत बसलाय." मग मी कडेला लाकडी पाचर लावली. ठोकावीही लागली नाही. केळ्याची साल निघावी तसा हातभर पत्रा वर आला. मग पातं नासल्याबद्दल मालकांनी मला काढून टाकलं आणि भावोजींनी नाकावर ठोसा दिला. रॉयची बायको त्याचं सामान न्यायला आली होती. तिने रक्त पुसायला रुमाल दिला. रॉयचाच होता.

माझी काळजी करू नकोस.

तुझा क्लाइव्ह

ता. क. मी दारावर आपटलो असं भावोजी सांगतील. मान डोलाव.

ता. क. २. दुसरं पातंही त्याच दिवशी चिकटवलेलं आहे, ते मला तपासू दिलं नाही. भावोजी हेलिकॉप्टर ट्रकवर घालून घरी आणतायत. सोललेल्या पात्याच्या जागी शेजाऱ्याचं जुनं लावून उडणार म्हणतात. फोन तेच उचलतात, म्हणून पत्र. ताई, ट्रॅक्टर मागे घेताना तुझा अंदाज चुकतो हे साऱ्या गावाला माहीत आहे. हेलिकॉप्टर ट्रकवरून अंगणात उतरवलं की ट्रॅक्टर काढ, आणि पात्यांच्या दिशेने मागे घे.