डाव्या हाताने लिहिलेल्या पत्राबाबत

मी, व्यवसायाने शिंपी, वय वर्षे एकाहत्तर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत व स्वखुशीने लिहून ठेवतो. दडपण आहे ते फक्त फादरांचं. पण ते कायदा जमेस धरत नाही, असं वकील म्हणाले.

१. राहतं घर आणि खालचं दुकान माझ्या भाचीला. आजारपणात तिने माझं सगळं केलं आणि ऐकवलंही भरपूर. दोन्हींची मला गरज होती.

२. थोरल्या भावाला माझा काळा कोट. अकरा वर्षांपूर्वी त्याने तो मागून नेला, तेव्हापासून त्याच्याकडेच आहे. आता कोणी घरात शोधू नये.

३. शिवणयंत्र, कात्र्या व इस्त्री नर्सबाईंना. याचं कारण लिहिणं भाग आहे.

बावीस वर्षांपूर्वी मी तेव्हाच्या फादरांचा झगा शिवला. चर्चच्या दारात, सगळ्यांदेखत नर्सबाई म्हणाल्या, "एक बाही लांब झालीय हो." झालीच होती. मी घरी आलो आणि डाव्या हाताने, विनासहीचं पत्र इस्पितळाच्या मंडळाला लिहिलं, की या बाई कामावर दारू पितात. बाई थेंबालाही शिवत नाहीत. मेट्रनची जागा त्यांना मिळायची होती, ती गेली. निवृत्त होईपर्यंत बाई इस्पितळाच्या तळघरात चादरींच्या घड्या घालत राहिल्या. "कोणी लिहिलं असेल हो?" असं त्यांनी मलाच विचारलं. मी हळहळलो. हळहळायला मला छान जमतं.

दर वर्षी पापकबुलीत मी "एकदा खोटं बोललो" एवढंच पुटपुटायचो, तेही राग आणि आळस यांच्या मधे दडपून. जुने फादर कानाने मंद होते, आमचं बरं चाललं होतं. नव्या फादरांनी विचारलं, "कोणाविषयी? कोणापाशी? पुढे काय झालं?"

सगळं ऐकून म्हणाले, "देव क्षमा करील. पण त्यांचं घालवलेलं नाव तुम्हालाच परत आणून द्यावं लागेल. लपून केलं म्हणून पाप लहान होत नाही."

"मृत्युपत्रात लिहितो ना, फादर."

"म्हणजे लाज वाटायच्या वेळी तुम्ही नसणार. सोय चांगली पाहिलीत."

४. तीन दिवस टाळून काल मी वरचा मजकूर नर्सबाईंच्या हातात दिला. त्यांनी तो दोनदा वाचला. चहा विचारला नाही.

"हे मंडळाला आत्ता द्या," त्या म्हणाल्या. "तुम्ही मरेपर्यंत मी कुठे थांबू?"

त्याप्रमाणे आज सकाळी नक्कल मंडळात सहीनिशी दिली. रविवारी ती चर्चमध्ये मी स्वतः वाचणार आहे. आवाज फुटला नाही तर भाचीने वाचावी. मी शेजारी उभा राहीन.

ठिकाण: दुकानामागची खोली
तारीख: चौदा मार्च
सही: शिंपी

साक्षीदार पहिले: शेजारचे डॉक्टर. लिहिणारा शुद्धीत आहे, घामाघूमही आहे.

साक्षीदार दुसऱ्या: नर्सबाई. साक्षीदाराला या कागदातून काहीही मिळत नाही, असं वकिलांनी मला बजावलं. ते ऐकूनच मी पेन मागितलं.