ताईचं लुगडं कोणी विणलं

१२ जानेवारी
समाजाच्या मंडळाचा फोन. रविवारी सत्कार, 'जुने विणकर' म्हणून. शाल, श्रीफळ, दोन शब्द. जन्म गेला खापरखेड्याच्या वीजकेंद्रातल्या कारकुनीत, पण लोक मला विणकर समजतात. कारण तो किस्सा. बाबा आजारी, मी शाळकरी पोरगा, खड्ड्यात पाय सोडून मागावर बसून ताईच्या लग्नाचं लुगडं विणलं, मांडवात सगळे रडले. दर वेळी सांगताना काठ थोडा रुंद होतो.

१३ जाने.
हॉलमध्ये जुना माग आणून मांडलाय. फोटोसाठी बसवलं. पावड्यांवर पाय ठेवले, डाव्या हातानं फणी धरली, उजव्यानं खटक्याची दोरी ओढली, धोटा उडून खाली. पुन्हा तेच. आधी कुठला पाय, काही सुचेना.
"वय झालं काका, सुटते हात," सेक्रेटरी म्हणाला. हसलो.
सायकल सुटली नाही. सक्करदऱ्याच्या तलावात शिकलेलं पोहणं सुटलं नाही. मग हेच कसं?

१४, संक्रांत
तिळगूळ घेऊन धंतोलीला, दवाखान्यात. ताईच्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं. व्यायाम शिकवणारी मुलगी आली, पाऊल वर-खाली करा म्हणाली. ताई डोळे मिटून करू लागली. डावं, उजवं, डावं, ठेक्यात. आणि उजवा हात हवेत काहीतरी ओढत होता, डावा पुढं-मागं.
"आजी, मी पायाचं म्हटलं. हात काहून हलवून राहिल्या?"
"काय मालूम वं, आपोआप होते. याचं पाहूपाहू झालं असन. माह्या लग्नाचं लुगडं यानंच विणलं."
मुलीनं माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. मी संत्रं सोलत बसलो.

१५
सकाळपासून तो काळ आठवून पाहतोय. हिरवं सूत. मी रहाटावर धोट्याच्या कांड्या भरतोय, कोपर भिंतीला घासतंय. समोर मागावर बसलेल्याची पाठ. पाठीवर वेणी, लाल रिबीन, खटक्यासरशी हलते.
स्वतःची पाठ कोणाला दिसते?
आमच्या घरी लेकीचं लुगडं बापानं विणायचं, नाही तर भावानं. नवरीनंच स्वतःचं विणलं म्हटलं तर बापाची मान खाली. मांडवात बाबा व्याह्यांना म्हणाले, "पोरानं विणलं." की हे वाक्य मी आत्ताच बनवलं? माझा माझ्यावर भरवसा राहिला नाही. वेणीची मात्र खात्री आहे.
ताईची शाळा त्याच वर्षी सुटली. किस्स्यात ते कधी आलंच नाही. फार लाज वाटते.

१६
सांगून टाकलं. "ताई, ते लुगडं तूच विणलं होतं वं. मी कांड्या भरत होतो."
हसली. "काहीतरीच. म्हातारा झाला मधू तू, विसरून राहिला."
"तुही वेणी दिसते मले."
ताई आपल्या हाताकडे बघत राहिली. मग हळूच, "सासू सगळ्यायले दाखवे ते लुगडं. पाहा, हिच्या भावानं विणलं. तेवढ्यावर निभलं माह्यं तिथं. ते नको काढू आता."
म्हणजे तिला आठवतं? की नाही? विचारायची हिंमत झाली नाही.
जिना उतरताना मला बरं वाटलं. आता गप्प राहायला हरकत नाही म्हणून. त्याची लाज कालच्यापेक्षा जास्त.

१८, रवि.
काल ताईला सुट्टी झाली. भाच्यानं आज वॉकरसकट हॉलवर आणली. तेच लुगडं घडी करून मांडीवर, पहिल्या रांगेत. माइक हातात आला. "बाबा आजारी होते," इथवर नेहमीसारखं. ताईकडे पाहिलं. मांडीवर लुगडं, खाली तिची पावलं हलत होती. डावं, उजवं.
पुढं काय बोललो ते लिहीत नाही. लिहिलं की तेच खरं होऊन बसतं.
निघताना शाल तिच्या गुडघ्यांवर टाकली. ताई नको म्हणाली नाही.