एका कान्यामुळे झालेली बदली रद्द होऊन बादली मिळण्याबाबत

प्रति,
मा. आस्थापना अधिकारी,
अभिलेख व नोंदणी कार्यालय,
मुख्य इमारत, तिसरा मजला.

विषय : प्रशिक्षणातील व्हिडिओच्या सबटायटलमधून एक काना गळाल्याने झालेली बदली रद्द करून मूळ गरजेप्रमाणे बादली देण्याबाबत.

संदर्भ : १) सबटायटल मिळण्यासाठी अर्जदाराने केलेले तीन अर्ज.
२) आपला बदली आदेश (कारण : ‘स्वतःची विनंती’).

महोदय,

१. अर्जदार हा दुसऱ्या मजल्यावरील अभिलेख कक्षात, म्हणजे आपल्या दालनाच्या बरोबर खाली, एकोणीस वर्षे अभिलेखपाल आहे, किंवा होता. अर्जदारास ऐकू येत नाही. ही नोंद सेवापुस्तकाच्या पहिल्याच पानावर असून कार्यालयात सर्वांस ठाऊक आहे, कारण त्यास हाक मारायची झाल्यास लोक दिव्याचे बटण दोनदा दाबतात.

२. ‘कार्यालयीन आपत्ती व आपण’ या प्रशिक्षणात प्रशिक्षकांनी एक्काहत्तर स्लाइड दाखवल्या. त्यांतील व्हिडिओ स्लाइड येताच आपोआप सुरू होत असे. चित्र पोस्टाच्या तिकिटाएवढे होते, कारण उरलेल्या जागेत कार्यालयाचे बोधचिन्ह होते. व्हिडिओतील माणूस बोलत असताना प्रशिक्षकही बोलत होते, तेही भिंतीकडे तोंड करून आणि दिवे घालवून, त्यामुळे ओठ वाचण्याचा प्रश्नच मिटला. मागील रांगेतील टंकलेखिकाबाईंचे डोके सततच्या लखलखाटाने असे चढले की त्या दोन दिवस रजेवर होत्या.

३. अर्जदाराने सबटायटलसाठी तीन अर्ज केलेले असल्याने या वेळी प्रशिक्षण शाखेने यंत्राकडून आपोआप उमटणारी सबटायटल लावली व तिन्ही अर्ज निकाली काढले. ती उमटल्यावर कोणी वाचून पाहिली नाहीत. त्यांत पुढील सूचना होती : ‘छत गळत असल्यास प्रथम बदली ठेवावी. बदली नसल्यास आस्थापना शाखेकडे मागावी, विनाविलंब मिळेल.’ अर्जदारास हे चमत्कारिक वाटले. तथापि या कार्यालयाची परिपत्रके एकोणीस वर्षे वाचून काढल्यावर चमत्कारिक वाटण्याची त्याची सवय मोडली आहे.

४. अभिलेख कक्षाचे छत खरोखर गळते. आपण जेवणानंतर हात धुता, त्यानंतर साधारण चार मिनिटांनी ‘क’ मालिकेच्या कपाटावर पाणी पडू लागते. सबब अर्जदाराने सूचनेबरहुकूम लिहून दिले : ‘छत गळत आहे. कृपया बदली मिळावी.’

५. ती दोन दिवसांत मिळाली. अर्जदाराच्या मेव्हण्याने बदलीसाठी सहा वर्षे साहेबांचे उंबरठे झिजवले, त्याला हे सांगितल्यापासून तो अर्जदाराशी बोलत नाही. बादली मागितली असती तर निविदा काढावी लागली असती; बदलीस एक सही पुरते, हे अर्जदारास आता कळले आहे.

६. बदली चौकशी कक्षात, दूरध्वनीवर झाली आहे. पहिले काही दिवस दूरध्वनीचा दिवा लागला की अर्जदार रिसीव्हर उचलत असे, ‘नमस्कार, कृपया लेखी कळवा’ असे म्हणत असे व खाली ठेवत असे. एका बाईंनी असा आठ वेळा प्रयत्न केला. नवव्या वेळी त्या जातीने आल्या. त्या काय म्हणाल्या ते ओठांवरून स्पष्ट कळले, परंतु येथे लिहिण्याजोगे नाही. अर्जदारास त्या दिवशी फार लाज वाटली.

७. अर्जदाराच्या जागी अभिलेख कक्षात चौकशी कक्षातील दूरध्वनी चालकांस पाठवण्यात आले. त्यांना दिसत नाही. तेही त्याच प्रशिक्षणास बसले होते. त्यांच्या वाट्याला व्हिडिओतून ‘हे असे करा’, ‘हे मात्र अजिबात करू नका’ आणि मागे वाजणारे संगीत एवढेच आले. ‘हे’ म्हणजे काय, ते त्यांना आजतागायत कोणी सांगितलेले नाही. ते पहिले काही दिवस पंचेचाळीस हजार फायलींच्या मधोमध बसून पाण्याचे थेंब मोजत होते.

८. चूक उघडकीस आली ती अर्जदाराच्या पत्नीमुळे. ती शिवणकाम करते. प्रशिक्षकांकडून मिळवलेला व्हिडिओ तिने रविवारी दुपारी ऐकला आणि मशीनवरचा पाय थांबवून म्हणाली, “अहो, बदली कुठली? बादली म्हणतोय तो, बादली!” ओठांवर दोन्ही शब्द सारखेच दिसत असल्याने अर्जदार तिच्याकडे नुसता बघत राहिला. शेवटी तिने कापड आखायच्या खडूने काळ्या अस्तरावर शब्द लिहिला आणि त्यातला काना वीतभर लांब काढला. अर्जदारास कान नाहीत हे कार्यालयास ठाऊक होते. शब्दास काना नाही हे मात्र कोणाच्या ध्यानात आले नाही.

९. त्याच दुपारी तिने चार मिनिटांच्या त्या व्हिडिओचे सर्व बोलणे उतरवून काढले, पडद्यावर काय दिसते तेही मध्ये मध्ये लिहिले आणि मग एका गिऱ्हाइकाच्या बाह्या पुऱ्या केल्या. प्रशिक्षण शाखेने या कामास ‘तांत्रिकदृष्ट्या अशक्य’ म्हटले होते.

१०. आता कबुली. गेले अकरा दिवस अर्जदार व दूरध्वनी चालक हजेरी नव्या जागी लावतात आणि काम आपापल्या जुन्या जागी करतात. त्यामुळे फायली सापडतात, फोनला उत्तरे मिळतात. याचा परिणाम असा झाला की दोन्ही बदल्या यशस्वी ठरवून आपण आम्हां दोघांस मिळून एक चषक दिला. शिवाय ‘योग्य माणूस, योग्य जागी’ या नव्या व्हिडिओसाठी सोमवारी आमचे चित्रीकरण ठेवले आहे. त्यात अर्जदाराने हसत हसत दूरध्वनीवर बोलायचे आहे आणि दूरध्वनी चालकांनी फाईल वाचायची आहे. व्हिडिओनंतर दोन्ही नेमणुका कायम होतील, असे पत्रात म्हटले आहे.

११. सबब नम्र विनंती की, सोमवारपूर्वी बदली आदेश रद्द करून दोघांस आपापल्या जागी येऊ द्यावे. यापुढे सबटायटल माणसाने वाचून मगच लावावीत, पडद्यावर काय दिसते ते तोंडाने सांगावे, व्हिडिओ चालू असताना प्रशिक्षकांनी गप्प बसावे. अर्जदारास दुसरे काही नको, एकोणीस वर्षे जे काम चोख केले तेच करायचे आहे.

१२. बादलीची वाट पाहून सध्या गळतीखाली तो चषक ठेवला आहे. तो लहान पडतो. तो भरत आला की थेंबाचा आवाज बदलतो, असे दूरध्वनी चालक सांगतात. भिंतीपलीकडच्या चौकशी कक्षात तो ऐकू आला की ते येऊन अभिलेख कक्षाच्या दिव्याचे बटण दोनदा दाबतात, मग अर्जदार उठून पाणी ओततो. सोमवारनंतर हे कोण करणार, ते कृपया कळवावे.

या अर्जावर आपण सुनावणी ठेवालच. ती लेखी ठेवावी, ही विनंती.

आपला नम्र,
(सही)
अभिलेखपाल
(आदेशानुसार : दूरध्वनी चालक)

दिनांक : १४ मार्च, शुक्रवार

सोबत :
१) व्हिडिओचे संपूर्ण बोलणे व दृश्यवर्णन, पत्नीच्या हस्ताक्षरात.
२) काळ्या अस्तराचा तुकडा, कान्यासह. (पाहून परत करावा, गिऱ्हाइकाचा आहे.)
३) ‘क’ मालिकेतील एक ओली फाईल. ती या अर्जदाराच्याच तीन जुन्या अर्जांची आहे.