तीस नंबरची खुर्ची

शुक्र. ७ मार्च २००८

ही वही मराठीत. डोंगरावर इथे कोणाला वाचता येणार नाही. आलोइसला तर माझं नावही धड लिहिता येत नाही, 'प्रटिक' लिहितो.

दिवसभर खुर्च्या धरल्या. गुडघ्यामागे आपटू नये म्हणून स्की-लिफ्टच्या तारेवरून येणारी प्रत्येक खुर्ची हाताने अडवायची, दोघं बसली की सोडायची, एवढंच माझं काम. ही लिफ्ट बाबांच्या वयाची आहे. एप्रिलात उतरवणार. तिच्या जागी सहाजणांची नवी येणार, गाद्या गरम, वरून पारदर्शक झाकण. आलोइस इथला मुख्य. म्हणाला, "माझ्याआधी हिला पेन्शन."

के. चा एसेमेस. "पुढच्या शुक्रवारी येते. म्हातारीला निरोप द्यायला." म्हातारी म्हणजे ही लिफ्ट. किती वेळा वाचला ते लिहीत नाही.

केतकी. पुण्याची, गार्चिंगच्या युनिव्हर्सिटीत मास्टर्स करते. मीही तिथेच होतो, तिसऱ्या सेमिस्टरला सोडून इथे आलो. जानेवारीत ३१ नंबरच्या खुर्चीत ती माझ्या शेजारी बसली होती. वर पोचायला चौदा मिनिटं. इतकं ठरवून गेलो होतो, आणि तिला खांबांची उंची सांगत बसलो. गाढव.

रवि. ९ मार्च

घरून, एर्लांगेनहून फोन. आधी आई: जेवतोस का, मोजे पाठवू का. मग बाबा. तेच. "अरे, आपल्या घरात शिक्षण सोडतात? भिंतीवरच्या आजोबांच्या फोटोकडे बघायची लाज वाटते मला." मग ठरल्याप्रमाणे मिलिंदचं कौतुक. मिलिंद बाबांच्या ऑफिसात ज्युनियर, नागपूरचा. नव्या लिफ्टच्या मोटरचं सगळं काम त्याच्याकडे. "बघ, त्याच डोंगरावर तोही येतो. तो लिफ्ट बांधायला आणि तू खुर्च्या धरायला."

ठेवला फोन. जोरात.

आई त्याला 'आपला मिलिंद' म्हणते. मी त्याला दादा म्हणावं असं तिला वाटतं. मेलो तरी म्हणणार नाही. दिवाळीला फराळाला मीच के.ला घरी नेलं होतं आणि मीच ओळख करून दिली, ही केतकी, हा मिलिंद. त्याने तिला चकलीची बशी दिली. ती हसली. तेव्हापासून.

शुक्र. १४ मार्च

नीट लिहितो.

अकराला के. आली. मि.च्या गाडीतून उतरली! त्याला मोजमापं घ्यायची होती, "वाटेतच तर होतं गार्चिंग." वाटेत! एर्लांगेनहून इथे येताना तो कुठूनही वाट काढेल.

के. म्हणाली, "ए प्रत्या, तू पण चल की वर."

"ड्यूटी आहे."

मग ती दोघं रांगेत उभी राहिली. रांग कसली, ती दोघंच. मला त्यांच्यासाठी खुर्ची धरावी लागली. माझ्या या हातांनी. मि. म्हणाला, "थँक्स रे." ३० नंबर होती ती. ३१ मागून रिकामी गेली, तेवढंच समाधान.

दुसऱ्या खांबापाशी तिने मान त्याच्याकडे वळवली. काहीतरी बोलली. त्याने स्वतःचे हातमोजे काढून तिला दिले.

मी लाल बटण दाबलं.

अर्धं मिनिट थांबवणार होतो. एक हिसका बसावा, मि. घाबरावा, बस. बटण परत ओढलं, सुरूचं दाबलं. काही नाही. पुन्हा. काही नाही. जुन्या पेटीतला रिले, मोटर सुरू करणारा आतला स्विच, अडकला. म्हणून तर ती बदलतायत. आलोइस गावात सुटा भाग आणायला गेलेला, त्याचा फोन त्याच्या टेबलावर वाजत होता. वरच्या स्टेशनवरच्या माणसाला यंत्रातलं शून्य कळतं. नशीब, लिफ्टवर ती दोघंच होती.

मग मोबाइल वाजला. मि.

"प्रतीक, घाबरू नकोस. काय दिसतंय सांग."

या डोंगरावर ते यंत्र कळणारा एकटा माणूस, आणि मी त्याला तिच्याशेजारी टांगून ठेवलेला.

त्याने फोनवरून एकेक सांगितलं. मुख्य स्विच बंद कर. मागच्या खोलीत डिझेलचं इंजिन आहे, आणीबाणीचं. निळा दांडा खाली ओढ. ओढ म्हणजे लटक त्याला. मागे वारा ऐकू येत होता, आणि के.चं हसू. हसत होती! इंजिन तीनदा बंद पडलं. तिसऱ्यांदा माझ्या तोंडून गेलं, "दादा, आता काय करू?"

लिहितानाही कान गरम होतायत.

चाळीस मिनिटांनी खुर्ची उलटी, इंचाइंचाने खाली आली. मीच आणली. मीच धरली. के.चे ओठ निळे पडले होते, हातात त्याचे मोजे. मि.ने पेटी बघितली, मग माझ्या बटणाकडे बघितलं. एवढ्यात आलोइस आला. "काय झालं?"

"रिले," मि. म्हणाला. मग मला मराठीत, "वहीत रिले लिही."

प्रत्येक थांब्याचं कारण स्टेशनच्या वहीत लिहावं लागतं. लिहिलं. माझ्या अक्षरात: रिले.

म्हणजे माझी नोकरी आता त्याच्या मेहेरबानीवर. त्याने सरळ एक थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं.

शनि. १५ मार्च

के.ला फोन केला. वर काय बोलत होतात?

"खूप काही."

"म्हणजे काय?"

"चाळीस मिनिटं होती, प्रत्या. म्हणजे खूप काही."

मग म्हणाली, "मी मागे वळून बघितलं होतं. तुझा हात कुठे होता ते दिसलं मला."

मी म्हणालो, रिले होता. फोन ठेवला तिने.

मंगळ. २२ एप्रिल

सीझन संपला, म्हातारी थांबली. आजपासून खुर्च्या उतरवतोय. दोन बोल्ट, एक पकड, गंजाचा वास. बटणाची पेटी मीच भिंतीवरून काढली आणि भंगाराच्या ट्रॉलीत फेकली. तो रिले आतच होता, काडेपेटीएवढा.

रात्री के.शी बोलणं. पाचव्या प्रयत्नाला उचलला. मीच खोदून खोदून विचारलं.

"विचारलं त्याने मला. लग्नाचं. तिथे, वर."

"मग?"

"मी म्हटलं, आधी खाली तरी उतरू दे."

"आणि खाली उतरल्यावर?"

"थीसिस होईपर्यंत थांब म्हटलं. डिसेंबर."

एरवी त्याने वर्षभर तोंड उघडलं नसतं, बाबा म्हणतात तोंडातून शब्द फुटत नाही त्याच्या. चाळीस मिनिटं, उतरायला वाट नाही, शेजारी ती. ती संधी मी दिली. बटण दाबून दिली.

शुक्र. ९ मे

जुन्या खुर्च्या गावात विकतायत. लोक अंगणात ठेवणार, म्हातारे त्यावर बसून बीअर पिणार. कामगारांना एकेक फुकट. आलोइस म्हणाला, "निवड."

३१ तिथेच होती, भिंतीला टेकून. तिच्या पाठीला जानेवारीतल्या स्टिकरचा तुकडा अजून होता. के.ने चिकटवलेला.

मी ३० घेतली.

मि. येईल, ३० मागेल, के.ला नेऊन देईल, हे डोळ्यांपुढे आलं आणि तोंडातून तीस निघालं. मि.ने विचारलंसुद्धा नाही. दुपारी आला, तार मोजली, गेला. ३१ गावातल्या खाणावळवाल्याने नेली.

माझ्या खोलीत आता ती दोघं बसली होती ती खुर्ची. दार पुरतं उघडत नाही. मी तिच्यावर बसत नाही, कपडेही टाकत नाही.

रवि. १७ ऑगस्ट

गावातून जाताना बघितलं. ३१ला हिरवा रंग दिलाय. एक टूरिस्ट जोडपं बसून आईस्क्रीम खात होतं. स्टिकर गेला.

बुध. १९ नोव्हें.

नव्या लिफ्टची भाराची चाचणी. माणसांऐवजी पाण्याने भरलेली पिंपं. सहा सहा शेजारी बसून वर गेली, कोणी कोणाकडे बघितलं नाही. सुखी लोक.

मि. आठवडाभर इथेच. डब्यात आईने पाठवलेले लाडू, निम्मे माझे. "काकूंनी सांगितलंय मोजून द्यायला." खाल्ले. चांगले होते, तेही सहन होत नाही.

म्हणाला, "प्रतीक, तुझा हात चांगला आहे. त्या दिवशी डिझेल तू चालू केलंस, चार इंजिनियरांना जमलं नसतं. कोर्स पूर्ण कर."

"बाबांनी सांगितलं बोलायला?"

"नाही. त्यांना मी काहीच सांगितलेलं नाही." डबा बंद केला. "काहीच."

भांडायला तयार होऊन गेलो होतो. भांडण तसंच परत आणलं.

शुक्र. १२ डिसें.

के. चा एसेमेस. "थीसिस दिला. उद्या सकाळी येते. मिलिंदला उत्तर द्यायचंय. त्याआधी तुझं ऐकायचंय."

आता माझ्याकडे बटण नाही. सगळी बटणं काचेच्या खोलीत, तिथे सध्या मि. बसतो. खुर्च्या आपोआप हळू होतात, धरायची गरज नाही. मी नुसता उभा असतो.

शनि. १३ डिसें.

आज नवी लिफ्ट सुरू, लोकांना दहाला सोडणार होते. के. साडेआठलाच आली, बसने, स्की घेऊन. एकटी. खोलीत ३० बघितली.

"ही का ठेवलीस?"

मी जॅकेट चढवलं.

"चल, वर जाऊ. वर पोचेपर्यंत सांग."

सहा जागा, आम्ही दोघं. मधे एक जागा सोडून बसली. झाकण खाली आलं. नवी लिफ्ट साडेचार मिनिटांत वर जाते. मी काचेतून खांब मोजत होतो. चौथा, पाचवा. पुन्हा तेच, जानेवारीसारखं, खांब. सहावा.

आणि लिफ्ट थांबली.

झुलली, स्थिर झाली. फोन वाजेल म्हणून वाट बघितली. नाही वाजला. के. माझ्याकडे बघत होती.

सगळं सांगितलं. बटण, मोजे, रिले, ३० का घेतली, ३१ कशी गेली. आणि जे जानेवारीत सांगायचं होतं तेही, अगदी वाईट शब्दांत. शेवटी ती म्हणाली, "खांबांची उंची बरोबर सांगितली होतीस, मी नंतर बघितली." मग लिफ्ट सुरू झाली.

वरून ती स्कीवर एकटी उतरली, थेट काचेच्या खोलीत गेली. दार लावलं. मला ड्यूटीवर जावं लागलं. संध्याकाळी दोघं गाडीतून गेली, पण बस तर पाचनंतर नाहीच, त्यावरून काय समजायचं.

आवरताना आलोइसची नवी वही उघडली. पहिलंच पान. ८.५२ ला थांबा, सात मिनिटं. कारणाच्या रकान्यात मि.चं बारीक, सरळ अक्षर:

रिले.

तो रिले मी स्वतः एप्रिलात भंगारात फेकला होता.