आधीचा आकडा

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार
१. सकाळी नऊला आनंदनगरच्या आरोग्य केंद्रात रुजू झाले.
२. काम: चिखलोलीतल्या चारशे माणसांच्या श्वासाची बावीस वर्षांची वार्षिक मापं तपासणं.
३. बदलापूर गावात सुनंदाकाकूंकडे खोली, डब्यासकट. खिडकीतून डोंगर दिसतो.
४. श्वास मोजायचं यंत्र नीट चालतंय ना हे बघायला रोज सकाळी कर्मचाऱ्यांनीही त्यात फुंकायचं. माझा आकडा ३.०२ लिटर.
प्रमुख प्रमोद सर म्हणाले, बोलता कमी, म्हणून श्वास शिल्लक आहे. हसले मी.

६ नोव्हेंबर
काशी, वय एकाहत्तर. सलग सहा वर्षं १.४१. कुणाचाही श्वास असा एका जागी राहत नाही. सर म्हणाले, माणूस आला नाही तर आधीचाच आकडा पुढे लिहायचा, पहिल्यापासून तीच पद्धत आहे. मला पटत नाही. माप नसेल तर रकाना रिकामाच हवा.

१० नोव्हेंबर
काशीच्या घरी गेले. सून द्रौपदी म्हणाली, सासूला जाऊन सहा वर्षं झाली. पण रोज ओट्यावर येऊन बसते. जेवत नाही, नुसता एकसारखा श्वास घेते. "तुमीच धरून ठेवलंय तिला, मॅडम. सोरा आता तरी." सरांनी हिला पढवलं असावं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
बारा तारखेला तापात खोलीतच पडून होते, दिवसभराचं काही आठवत नाही. तरी त्या दिवशी माझ्या नावापुढे ३.०२. सरांचंच काम. वर तक्रार केली. काशीचे सहा आकडे पुसले. उरलेले सगळे उसने आकडे पुढच्या शुक्रवारी सकाळी नऊला आपोआप पुसले जातील, अशी आज्ञा संगणकात घालून ठेवली.

१७ नोव्हेंबर
द्रौपदीचा फोन. शुक्रवारपासून ओटा रिकामा आहे. आभार मानून रडली.
योगायोग.
आज माझा आकडा ३.०२. तेरा तारखेपासून रोज तोच. अर्धवट फुंकलं, ३.०२. फुंकलंच नाही —

१८ नोव्हेंबर
सुनंदाकाकूंनी टोमणा मारला, काय गं, उपास की डाएट? डबे बारा तारखेपासून तसेच. मला भूकच —

१९ नोव्हेंबर
पासवर्ड चालत नाही. तक्रारीनंतर सरांनी बंद केला असणार. आज्ञा काढता येत नाही.
श्वास रोखून पाहिला. दहा मिनिटं. वीस. काहीच —

२० नोव्हेंबर
प्रमोद सर, बारा तारखेचा माझा आकडा तुम्ही भरलात. तो राहू द्या. पुसण्याची आज्ञा फक्त तुम्हालाच थांबवता येईल. कृपया उद्या, शुक्रवारी, सकाळी नऊच्या आत उत्तर द्या. नऊनंतर मी