वडी कुणाची, द्रोण कुणाचा

फुलचूर, २२ डिसेंबर

श्रीयुत दुलीचंदजी यांस व्याही रामलालचा सविनय नमस्कार. सालेकशाची थंडी आपल्या गुडघ्यांना फार छळत नसावी, अशी आशा करतो. (आमच्या सौ. रामबाई तिळाचे तेल सुचवितात. मी केवळ कळवितो.)

आमचे चिरंजीव, म्हणजे आपले जावई दुर्गेश, यांनी दूरध्वनीवरून आपणांस सांगितले की, त्यांनी काढलेली गोंदियाची पौष्टिक वडी जर्मनीस पसंत पडली. हे विधान दुरुस्त करणे मला भाग आहे. एक तर ती पसंत पडली नाही. दुसरे, ती गोंदियाची नव्हती. बदाम अमेरिकेचे, ओट ऑस्ट्रेलियाचे, चॉकलेट बेल्जियमचे, यंत्र चीनचे, वेष्टन सुरतेचे. जिल्ह्याचा वाटा मूठभर मुरमुरे. (किंमत परदेशी चलनात ठरविली होती, हे खरे, परंतु जिन्नस ज्या ज्या देशांतून आले, तिकडेच ती बहुतेक परत गेली असती. गावात मुक्कामास काय राहिले असते, एवढे मात्र विचारायचे नाही.)

नमुने पाठविण्याच्या दिवशी खोक्यांतील कागदी कप्पे सुरतेहून आलेच नाहीत. तेव्हा आपल्या कन्येने, चि. सौ. भूमेश्वरीने, शेजारणी जमवून पळसाच्या पानांचे द्रोण टाचले आणि एकेका द्रोणात एकेक वडी बसविली. जर्मनीच्या दुकानदारीणबाईंचे उत्तर आले : अशा वड्या इकडे ढिगाने मिळतात, द्रोण मात्र दरमहा हवेत.

दुर्गेश भडकला. "मी एमबीए होऊन पत्रावळी विकू काय?"

"काऊन लाजून राहिले जी?" भूमेश्वरी म्हणाली. "पान आपलं, काडी आपली, हात आपले. तुमच्या वडीत आपलं का होतं?"

"मुरमुरे," सौ. आतून म्हणाल्या. "तेबी मीच भाजले."

आपण कन्येची समजूत घालून तिला द्रोणांच्या मागणीस नकार द्यावयास लावावे, यासाठीच दुर्गेशने आपणांस गाठले आहे. कृपया तसे करू नये. धानकापणीनंतर या शेजारणींच्या हातांना काम नसते. ते आता मिळू पाहत आहे. शिवाय मी पुष्कळ विचार केला. नुसती पाने पाठविली असती, तर तोही कच्चा मालच ठरला असता. पानाची शीर कोणत्या बाजूस ठेवावी म्हणजे वरण गळत नाही, हे ज्ञान त्यात पडले, म्हणून ती वस्तू झाली. पुढची पायरी या ज्ञानावर बांधावी, असे माझे नम्र मत आहे.

आपला,
रामलाल

ता. क. : आपल्या पडवीत द्रोण दाबण्याचे यंत्र गोणपाटाखाली पडून आहे, ते पाठवाल काय? पत्राचा मूळ हेतू हाच.

आणखी ता. क. : दुर्गेशने सांगितलेल्या तारखा पुढीलप्रमाणे सुधारून वाचाव्यात.

नमुने रवाना : ४ नोव्हेंबर (२८ ऑक्टोबर नव्हे).

जर्मनीचे उत्तर : ३ डिसेंबर (१० नव्हे; आठवडाभर त्याने ते दडवून ठेवले होते).

भूमेश्वरीने जर्मनीस होकार कळविला : १६ डिसेंबर.

दुर्गेशने तिला नकार कळविण्यास बजावले : १९ डिसेंबर.

होकार आधीच गेल्याचे दुर्गेशला समजेल : आपले यंत्र फुलचूरला उतरेल त्या दिवशी.