सुईच्या चाळीस वाती

लोधीपुरा, बुऱ्हाणपूर
९ ऑगस्ट १९५७

प्रिय विनायकभाऊ,

तुझं पत्र मिळालं. तुझं नागपूर मुंबई राज्यात गेलं, आमचे कागद भोपाळला जाऊन राहिले, पण टपाल पहिल्यासारखंच येतं. तू लिहिलं की मायची सुई बंद करा, सवय लागते, पहिलेसारखी अफूची गोळीच द्या. तुझ्यासमोर मी कधी तोंड उघडलं नाही. सहावीतून माझी शाळा सुटली तेव्हापण तूच बोलला, मी चुलीपाशी उभी होती. पण मायचं दुखणं रोज मी पाहून राहिली, म्हणून आता सांगते.

मायच्या पोटातला कॅन्सर दिवसभर सारखा दुखत नाही. मधूनच एकदम कळ येते. मग ती पलंगाची पाटी धरते आणि कोणाचंच नाव घेत नाही, देवाचंपण नाही. वैशाखात आखाजीच्या सणाला तू आला तेव्हा तू हेच पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशीच्या गाडीने गेला.

आपल्या घरात घड्याळ नाही. पण मायने या चातुर्मासात लाख वातींचा नेम धरला, आणि तिचे हात चालत नाहीत म्हणून वाती मी वळते. कळ आली की औषध द्यायचं, आणि तिची मूठ सुटेपर्यंत वाती मोजायच्या. गोळीला दीडशेच्या वर वाती होतात. पातळ औषधाला शंभरच्या आतबाहेर, पण ते अर्ध्या वेळा उलटून पडतं, मग पुन्हा पहिल्यापासून. सुईला, टोचल्यापासून, चाळीस. बस, चाळीस.

मग एक दिवस मी सुईचं पण कळ आल्यापासून मोजलं. चुडामणकाका, म्हणजे डॉक्टरांचे कंपाउंडर, बुधवाऱ्यातल्या दवाखान्यातून सायकलवर येतात. निरोप जाणार, ते हातातला पेशंट सोडणार, येणार, इथे पाणी उकळणार. तोपर्यंतच दोनशे वाती होऊन जातात. म्हणजे सुई घराबाहेर असली तर गोळीपेक्षापण हळू. हे कोणी मोजलंच नव्हतं. मी डॉक्टरांकडे गेली. दारात दोनदा परत फिरली, तिसऱ्यांदा आत गेली आणि खाली पाहूनच सगळे आकडे बोलून टाकले. ते हसतील वाटलं. त्यांनी ते कागदावर उतरवून घेतले आणि विचारलं, सुई द्यायला घरात कोणाचा हात थरथरत नाही. मी बोलली, माझा.

आठ दिवस केळीच्या खांबात नुसत्या पाण्याची सुई मारून शिकली. भागाआत्या बोलली, पोरगी केळीला बरं करून राहिली. आता डॉक्टर दोन दिवसांच्या काचेच्या कुप्या मोजून देतात, रिकाम्या परत घेतात, आणि मी एकपण जास्त देत नाही. सवयीचं मी विचारलं. ते बोलले, एवढं दुखणं असलेल्या बाईला सवयीचं भेव दाखवू नये. मलापण पटलं. सुई चालूच राहील, भाऊ. गोळीवर मी तिला परत नेणार नाही.

हे पत्र तुझ्या हुकुमासाठी नाही. डॉक्टर बोलले की दुखणं वाढून राहिलं, पंधरा दिवसांत औषधाचं माप वाढवावं लागेल, मग ती बहुतेक झोपूनच राहील. सध्या सुईनंतर दोन-तीन तास ती पहिलेची माय असते. काल उठून बसली आणि आत्याला बोलली, तुझ्या भाजीत मीठ आहे की मिठात भाजी. मग तुझं विचारलं. मी बोलली, त्याला रजा नाही. तू रजा मागितलीच नाही हे मला माहीत आहे, तिलापण असेल. मी रागावली नाही. तिची ती कळ पाहून मीपण पहिल्यांदा अंगणात पळाली होती. भुसावळला गाडी बदलून ये, या आठवड्यात ये. कळ आली की तू ओट्यावर बस, आत मी असते. ती उतरली की हाक मारीन, तेव्हा आत ये.

तुझीच धाकटी,
कोकिळा